प्रतीला दुखते तेव्हा : वाचकांचे प्रश्न

गेल्या महिन्यात इंदूरच्या राजेंद्रनगरात एका वाचकांच्या घरी रविवारी दुपारी वीस-बावीस मंडळी जमली आणि ‘ब्लॅक मिरर’ या मालिकेतील ‘यूएसएस कॅलिस्टर’ हा भाग आम्ही एकत्र पाहिला. भाग सव्वा तासाचा. त्यानंतरची चर्चा मात्र दिवेलागणीनंतरही चालू होती आणि यजमानीणबाईंना पोह्यांचा दुसरा घाणा टाकावा लागला. त्या दिवशी जे बोलायचे राहून गेले ते अनेकांनी पत्रांतून लिहून पाठवले. त्या पत्रांतील निवडक प्रश्न या अंकात घेतले आहेत.

ज्यांनी हा भाग पाहिलेला नाही त्यांच्यासाठी कथा थोडक्यात सांगते. रॉबर्ट डेली हा ‘इन्फिनिटी’ नावाच्या आभासी वास्तवातील खेळाचा मूळ रचनाकार. कंपनीत त्याचा भागीदार जेम्स वॉल्टन सगळा मान घेऊन जातो आणि सहकारी डेलीला खिजगणतीत धरत नाहीत. घरी मात्र त्याच्याकडे या खेळाची एक खासगी, इंटरनेटपासून तोडलेली आवृत्ती आहे आणि ती त्याने आपल्या आवडत्या जुन्या अंतराळमालिकेच्या धर्तीवर सजवलेली आहे. सहकाऱ्यांच्या उष्ट्या वस्तूंवरून त्यांचा डीएनए मिळवून तो त्यांच्या हुबेहूब प्रती या खेळात तयार करतो, त्यांना आपल्या यानावरचे कर्मचारी बनवतो आणि स्वतः कप्तान होऊन त्यांचा छळ करतो. कंपनीत नव्याने आलेल्या नॅनेट कोलची प्रत त्या यानावर जागी होते आणि ती बंड करते. २९ डिसेंबर २०१७ रोजी हा भाग नेटफ्लिक्सवर आला आणि २०१८ मध्ये त्याला चार एमी पुरस्कार मिळाले.

प्रश्न : कॉफीच्या कपावरच्या लाळेतून डीएनए मिळेल, हे मान्य. त्यावरून चेहरेपट्टी जुळवता येईल, हेही एक वेळ मान्य. पण त्या प्रतीला मूळ व्यक्तीच्या सगळ्या आठवणी कशा येतात? एवढी ढोबळ चूक असलेल्या कथेला इतका मान का मिळावा?
— एक निवृत्त बँक अधिकारी, लोकमान्यनगर

आपला आक्षेप शंभर टक्के बरोबर आहे. मी पंचवीस वर्षे प्राणिशास्त्र शिकवले, त्यामुळे त्या प्रसंगाशी मीही अडखळले होते. डीएनएमध्ये आठवणी नसतात. जुळ्या भावंडांपैकी जी एकाच बीजापासून जन्मतात त्यांची जनुके जवळजवळ सारखी असतात, तरी एकाला दुसऱ्याची शाळेतली मारामारी आठवत नाही. आठवण तर दूरच, त्यांच्या बोटांचे ठसेसुद्धा वेगळे असतात.

माझ्या ओसरीवर एक तिरंगी मांजर येते. पांढरे अंग, त्यावर काळे आणि नारिंगी ठिगळ. अशा मांजरी जवळजवळ नेहमी माद्या असतात, कारण काळा किंवा नारिंगी रंग ठरवणारे जनुक एक्स गुणसूत्रावर असते, मादीत अशी दोन गुणसूत्रे असतात आणि गर्भावस्थेतच प्रत्येक पेशीत त्यांपैकी एक निष्क्रिय होते. कोणत्या पेशीत कोणते, हे दैवावर सोडलेले असते. डिसेंबर २००१ मध्ये अमेरिकेतील टेक्सासमध्ये अशाच एका तिरंगी मांजरीचा क्लोन जन्माला आला. मूळ मांजरीचे नाव रेनबो आणि प्रतीचे नाव सीसी. जनुके तीच असूनही सीसीच्या अंगावर नारिंगी रंग उतरलाच नाही. जिथे कातडीवरचे ठिगळ डीएनएवरून जसेच्या तसे उतरत नाही, तिथे चाळीस वर्षांच्या आठवणी कशा उतरतील?

आकडे पाहिले तर हे आणखी स्पष्ट होते. माणसाच्या जनुकसंचाची एक प्रत म्हणजे सुमारे ३२० कोटी अक्षरे. संगणकात ती ८०० मेगाबाइटच्या आसपास बसते, म्हणजे एका मोबाइलवर सहज मावते. मेंदूत मात्र सुमारे ८,६०० कोटी चेतापेशी आहेत आणि त्यांच्यातील जोडण्या लाखो कोटींच्या घरात जातात. आठवण या जोडण्यांच्या कमी-अधिक बळकटीत साठते, हे एरिक कँडेल यांनी समुद्री गोगलगाईवर वर्षानुवर्षे प्रयोग करून दाखवले आणि त्यासाठी त्यांना २००० साली नोबेल पारितोषिक मिळाले. ऑक्टोबर २०२४ मध्ये एका प्रौढ फळमाशीच्या संपूर्ण मेंदूचा नकाशा प्रसिद्ध झाला; त्यात सुमारे १ लाख ३९ हजार चेतापेशी आणि ५ कोटींहून अधिक जोडण्या आहेत. तिळाएवढ्याही नसलेल्या मेंदूचा हा पसारा आहे, आणि त्याचा नकाशा मिळाला म्हणजे ती माशी संगणकात जागी झाली असे होत नाही.

तरीही माझे मत असे आहे की विज्ञानकथेला एक अशक्य गोष्ट मागण्याचा हक्क असतो, मात्र ती एकदाच मागावी आणि पुढचे सारे तिच्याशी प्रामाणिक राहून सांगावे. येथे आठवणी ही ती एक गोष्ट आहे. आठवणी नसत्या तर डेलीच्या यानावर चेहऱ्याने ओळखीची पण आतून तान्ही अशी माणसे असती आणि कथा तिथेच संपली असती. वॉल्टनला आपला मुलगा ओळखता आला नसता, कोलला आपला पासवर्ड आठवला नसता. लेखकांनी एक दार खोटे उघडले, पण त्या दारातून आत गेल्यावर घर पक्क्या भिंतींचे आहे.

प्रश्न : मला डेलीची दया आली, हे लिहायला मी कचरत नाही. स्वतः उभारलेल्या कंपनीत ज्याला रोज अपमान गिळावा लागतो, त्याने घरी बसून एका यंत्रात राग काढला तर बिघडले कुठे? प्रत्यक्षात त्याने कोणालाही बोट लावलेले नाही. चर्चेत माझ्या बोलण्यावर सगळे तुटून पडले, म्हणून पुन्हा विचारतो.
— एक संगणक अभियंता, सुदामानगर

त्या दिवशी आपल्याला पुरते बोलू दिले गेले नाही, ही गोष्ट मलाही लागली. दया येणे चुकीचे नाही. पहिली काही मिनिटे आपण डेलीच्या बाजूने असावे अशीच त्या भागाची रचना आहे, आणि वॉल्टन त्याच्याशी ज्या तुसडेपणाने वागतो ते पाहून ज्याला राग येणार नाही त्याने कधी नोकरी केली नसावी. शेवटी यानाचे इंजिन दुरुस्त करण्यासाठी जिवावर उदार झालेला वॉल्टनसुद्धा डेलीला हेच सांगतो की तुझी किंमत मी ओळखली नाही, त्याबद्दल मला खेद आहे. आणि त्याच दमात हेही सांगतो की माझ्या मुलाशी तू जे केलेस त्याला माफी नाही.

आपण नॅनेट कोलकडे मात्र पुन्हा एकदा पाहावे, असे मी सुचवीन. तिने डेलीचा कोणता अपमान केला होता? ती त्या कंपनीत आली तीच त्याने लिहिलेल्या प्रोग्रामवर भाळून. इतक्या वर्षांत त्याच्या कामाबद्दल आदराने बोललेली बहुधा ती पहिलीच व्यक्ती असावी. तिच्या मनात त्याच्याबद्दल त्यापलीकडे काही नाही एवढे त्याच्या कानांवर पडते, आणि त्याच रात्री तिचा कप त्याच्या घरी पोचतो. वॉल्टनवरचा राग हा अन्यायाचा राग होता असे घटकाभर मानू. कोलवरचा राग हा नकाराचाही नव्हे, नुसत्या नकाराच्या शक्यतेचा राग आहे. त्या मुलाचा तर कशाशीच संबंध नाही. वॉल्टनच्या लहान मुलाने चघळलेल्या लॉलीपॉपवरून डेली त्याची प्रत करतो आणि बापाच्या डोळ्यांसमोर तिला यानाबाहेरच्या पोकळीत फेकतो, आणि ते लॉलीपॉप पुढच्या वेळेसाठी जपून ठेवतो. मला सर्वांत भयंकर वाटले ते हे जपून ठेवणे. राग उफाळून येतो आणि ओसरतो. जपून ठेवलेली गोष्ट रागातली नसते.

‘यंत्रात राग काढला’ असे आपण लिहिता. उशीवर बुक्के मारणाऱ्याला उशीने उलट ‘मारू नकोस’ म्हणावे असे वाटत नसते. डेलीला तेच हवे आहे. समोरच्याला भीती वाटली पाहिजे, वेदना झाली पाहिजे, तरच त्याचा खेळ पुरा होतो. तो कोलचा चेहराच पुसून टाकतो, नाक नाही, तोंड नाही, आणि तिचा जीव गुदमरताना शांतपणे वाट पाहतो. आत कोणी नाही असे त्याला स्वतःला वाटत असते तर हे सारे करण्यात त्याला गोडी राहिली नसती. म्हणजे या प्रती सजीव आहेत याचा पहिला साक्षीदार डेलीच आहे.

प्रश्न : आपल्या पुराणांत रक्तबीजाची कथा आहे. त्याच्या रक्ताच्या एका थेंबातून त्याच्यासारखाच दुसरा असुर उभा राहत असे. कपावरच्या लाळेतून माणूस उभा करण्याची ही कल्पना तीच नाही काय? आणि अशा उभ्या राहिलेल्याला आपली परंपरा काय मानते, व्यक्ती की केवळ भास?
— एक निवृत्त शिक्षिका, रामबाग

आपल्या पत्राने मला फार दिवसांनी देवीमाहात्म्य उघडायला लावले, त्याबद्दल आपले आभार मानते. रक्तबीजाचे साम्य खरे आहे, पण ते थेंबापुरतेच. त्या कथेतले शेकडो रक्तबीज एकाच मनाचे आहेत. त्यांच्यापैकी एखाद्याला मूळ रक्तबीजापेक्षा वेगळे काही वाटले असे कुठे येत नाही. ‘कॅलिस्टर’मधील प्रतींचे तसे नाही.

या भागाशी खरे नाते जुळते ते संज्ञा आणि छाया यांच्या कथेचे. सूर्याचे तेज सहन होईना म्हणून संज्ञेने आपल्याच सावलीतून हुबेहूब आपल्यासारखी स्त्री निर्माण केली, तिला मुलांचा सांभाळ सोपवला, कोणाला काही कळू देऊ नकोस असे बजावले आणि ती निघून गेली. सूर्याने छायेला संज्ञाच मानले. कथा इथे थांबली असती तर छाया ही केवळ नक्कल राहिली असती. पण तिला स्वतःची मुले झाली. मग तिचा जीव त्यांच्याकडे ओढू लागला, संज्ञेच्या मुलांना सापत्नभाव जाणवू लागला, यमाने रागाने तिच्यावर पाय उगारला आणि तिने त्याला शाप दिला. आई पोटच्या मुलाला असा शाप देणार नाही, एवढ्यावरून सूर्याला संशय आला आणि खरे बाहेर पडले. म्हणजे छाया ओळखली गेली ती रूपातल्या एखाद्या खोटीवरून नव्हे, तर तिला जडलेल्या तिच्या स्वतःच्या मायेवरून. जे संज्ञेकडून आले होते ते तंतोतंत होते; जे वेगळे होते ते तिचे तिचे होते.

माझे या साऱ्या वादातले म्हणणे हेच आहे, आणि ते मला छायेने शिकवले. प्रत ज्या क्षणी डोळे उघडते त्या क्षणापर्यंत ती मूळ व्यक्तीसारखी असते. त्यानंतरचा पहिलाच श्वास तिचा स्वतःचा. खरी कोल त्या वेळी आपल्या टेबलाशी बसून काम करते आहे. तिला यानाचा पत्ताही नाही. यानावरची कोल घाबरते, ती भीती खऱ्या कोलच्या खात्यावर मांडता येत नाही. म्हणून ‘मूळ माणसाचे काहीच बिघडले नाही’ हा बचाव टिकत नाही. बिघडले ते दुसऱ्याच कोणाचे तरी आहे.

परंपरेचे विचाराल तर उत्तर आपल्या गावातच आहे. छायेच्या मुलांपैकी एक शनी. दर शनिवारी जुन्या इंदुरातल्या शनिमंदिरात तेल वाहायला लागणारी रांग आपण पाहिली असेल. मी लहानपणी आजीचा हात धरून तिथे जात असे. नवग्रहस्तोत्रात त्याला छाया आणि मार्तंड यांच्यापासून जन्मलेला म्हणून वंदन केले आहे. आईचे नाव चोरून ठेवलेले नाही, संज्ञेचे नाव लावलेले नाही. प्रतीच्या पोटी आलेल्याला ज्या परंपरेने ग्रहमंडळात बसवले, तिने त्या प्रतीला भास मानले असे म्हणायला मी धजणार नाही. एक रुखरुख मात्र आहे. खरे बाहेर पडल्यावर सूर्य संज्ञेच्या शोधात जातो आणि कथाही त्याच्यामागून जाते. मागे राहिलेल्या छायेला काय वाटले, हे मी ऐकलेल्या कथेत कोणी सांगितले नाही. आजीला विचारले होते. तिने तेलाची वाटी माझ्या हातात दिली आणि म्हणाली, “तू विचार त्यालाच.”

प्रश्न : कोलची प्रत सुटकेसाठी खऱ्या कोलला धमकी देते. तिच्या खासगी छायाचित्रांपर्यंत पोचते आणि ‘मी सांगते तसे कर, नाहीतर ही सगळीकडे पोचतील’ असे बजावते. आमच्या घरी यावर दोन तट पडले. यजमान म्हणतात, छायाचित्रे तिचीही आहेत, मग धमकी कसली? मला हे पटत नाही.
— एक गृहिणी, मूळच्या ग्वाल्हेरच्या, सध्या इंदूर

हा प्रश्न चर्चेत आला तेव्हा खोलीत सगळे गप्प झाले होते, आणि तेही अगदी बरोबर कारणासाठी. प्रती या स्वतंत्र व्यक्ती आहेत असे जे ठामपणे म्हणत होते, त्यांनाच या प्रसंगाने पेचात पकडले. मीही त्यांत होते.

वर मी म्हटले की जागी झाल्यापासून प्रत ही दुसरी व्यक्ती आहे. हे एकदा मानले की पळवाट उरत नाही. ती छायाचित्रे काढली गेली तेव्हाची आठवण दोघींना आहे, पण ती कोणाला दाखवायची, कोणाला नाही, हे ठरवण्याचा हक्क जिचे शरीर बाहेरच्या जगात लोकांच्या नजरा झेलणार आहे तिचा आहे. ती उघड झाली असती तर दुसऱ्या दिवशी ऑफिसात मान खाली घालून कोणाला जावे लागले असते? यानावरच्या कोलला नव्हे. तिला पासवर्ड आठवतो, कारण ती आठवण तिच्यात उतरली आहे; पासवर्ड आठवणे आणि कुलूप उघडण्याची परवानगी असणे या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. भाऊबंदकीत वाटणी झाल्यावर जुन्या घराची किल्ली एका भावाच्या खिशात राहून गेली म्हणून ते घर त्याचे होत नाही. आपले यजमान रागावणार नसतील तर त्यांना हे जरूर वाचून दाखवावे.

हा अन्याय होता, असेच मी म्हणेन. तो प्राणसंकटातला होता, दुसरा मार्ग दिसत नव्हता, आणि पिझ्झा मागवून डेलीला दारापाशी गुंतवायचे व तेवढ्यात त्याच्याकडचे डीएनएचे नमुने पळवायचे, एवढेच काम त्या धमकीने करून घेतले गेले. म्हणून मी कोलच्या प्रतीला दोषी धरून शिक्षा सुनावणार नाही. पण कथेने हा प्रसंग ज्या हलक्याफुलक्या वेगात नेला आहे तो मला खटकला. ज्या बाईवर तिच्या नकळत आधीच एक अन्याय झाला होता, तिच्यावर दुसरा झाला आणि पहिल्या अन्यायाचे कारणही तिला त्या भागात कळले नाही.

प्रश्न : मी बारावीत आहे. मी रोज मोबाइलवर गेम खेळतो आणि त्यात माणसे मारतो. तो भाग पाहिल्यावर दोन दिवस खेळावेसे वाटले नाही. मीही डेलीच आहे का?
— एक विद्यार्थी, अन्नपूर्णा रोड

नाहीस. तुझ्या गेममधला शत्रू कोसळतो तेव्हा तिथे पडद्यावरचे चित्र बदलते, आणि पुढच्या फेरीत तो तसाच धावत येतो. आधीच्या फेरीतली भीती त्याच्याजवळ नसते, कारण भीती बाळगायला त्याच्या आत काहीच नाही. डेलीच्या यानावरच्या माणसांना कालचे आठवते, उद्याची धास्ती वाटते आणि डेली निघून गेल्यावरही ती एकमेकांशी बोलत राहतात. शेवटचा फरक नीट लक्षात घे. तू मोबाइल बाजूला ठेवलास की तुझ्या गेममध्ये कोणी कोणाची वाट पाहत बसत नाही.

एखाद्या यंत्राच्या आत खरोखर कोणी आहे की नाही हे बाहेरून कसे ओळखायचे, हा मात्र अजून न सुटलेला प्रश्न आहे. ॲलन ट्युरिंग यांनी १९५० साली संभाषणाची कसोटी सुचवली, पण आज अनेक प्रोग्राम छान संभाषण करतात आणि तेवढ्यावरून त्यांना काही जाणवते असे सिद्ध होत नाही. तुला पुढे यात काम करावेसे वाटले तर गणिताबरोबर जीवशास्त्रही सोडू नकोस. आणि दोन दिवस खेळावेसे वाटले नाही, ते का, हे वहीत लिहून ठेव.

प्रश्न : हे प्रकरण न्यायालयात गेले तर डेलीवर नेमका कोणता गुन्हा लागेल?
— एक वकील, स्नेहलतागंज

आपण वकील असून मला विचारता, तेव्हा मला माहीत आहे तेवढेच सांगते. ब्रिटनमध्ये, जिथे ही मालिका जन्मली, २००४ च्या मानवी ऊतींविषयीच्या कायद्यानुसार दुसऱ्याच्या संमतीवाचून डीएनए तपासण्याच्या हेतूने त्याच्या शरीराचा अंश जवळ बाळगणे हाच गुन्हा आहे. म्हणजे प्रत करण्याच्या आधी, नुसता कप घरी नेला तेव्हाच डेली तिथे अडकला असता. आपल्याकडे डीएनए तंत्रज्ञानाविषयीचे २०१९ चे विधेयक २०२३ मध्ये मागे घेतले गेले. मात्र २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी खासगीपण हा मूलभूत हक्क असल्याचे एकमताने सांगितले, तेव्हा हा भाग यायला चार महिने उरले होते.

हे झाले मूळ व्यक्तींचे. प्रतींच्या बाजूने उभे राहायचे तर त्या कायद्यापुढे व्यक्ती ठरायला हव्यात, आणि इथे आपला कायदा वाटतो त्यापेक्षा उदार आहे. देवळातली मूर्ती आपल्याकडे कायदेशीर व्यक्ती मानली जाते, तिच्या नावावर जमीन असते आणि तिच्या वतीने दावा लावता येतो. मार्च २०१७ मध्ये उत्तराखंड उच्च न्यायालयाने गंगा आणि यमुना यांनाही तो दर्जा दिला होता. सर्वोच्च न्यायालयाने त्याच वर्षी जुलैत त्या निर्णयाला स्थगिती दिली. श्वास न घेणाऱ्याला व्यक्ती मानणे आपल्याला अपरिचित नाही. प्रश्न येईल तो प्रतींच्या वतीने वकीलपत्रावर सही कोण करणार, हा. मूर्तीसाठी पुजारी किंवा विश्वस्त उभा राहतो. यानावरच्या लोकांचा बाहेरच्या जगात कोणी नाही. होता तो एकटा डेली.

प्रश्न : १० एप्रिल २०२५ रोजी या कथेचा दुसरा भाग आला. त्यात शेवटी कोलच्या प्रतीला खऱ्या कोलच्या शरीरात जागा मिळते आणि बाकीचे सहकारी तिच्या डोक्यात राहून तिच्याच डोळ्यांनी जग पाहतात. हा शेवट सुखाचा मानावा का? आमच्या मैत्रिणींमध्ये यावर अजून एकमत नाही.
— एक महाविद्यालयीन विद्यार्थिनी, वडोदरा

पहिल्या भागाचा शेवट मला अधिक खरा वाटला होता. त्यात सगळ्यांनी मरण पत्करून यान खेळाच्या नव्या सुधारणेमुळे अंतराळात उघडलेल्या विवरात घातले होते. खेळाची सुरक्षाभिंत आपल्याला पुसून टाकेल आणि सुटका होईल, एवढीच त्यांची अपेक्षा होती. ते वाचले आणि विस्तीर्ण खेळात मोकळे झाले, हा त्यांच्यासाठी धक्का होता. त्या मोकळेपणालाही कुंपण होते, कारण सर्व्हर बंद झाला तर ते संपणार होते. पण ते आपल्या यानात होते, आपले सुकाणू धरून.

दुसऱ्या भागात ते एकीच्या डोळ्यांमागे बसले आहेत. तिने खिडकीबाहेर पाहिले तर त्यांना खिडकी दिसणार, तिने डोळे मिटले तर अंधार. दहा बाय दहाच्या खोलीत पाच-सहा जणांनी राहणे इथल्या भाड्याच्या घरांतून आलेल्या आपल्या अनेक वाचकांना नवे नाही, पण त्या खोलीला निदान प्रत्येकाला उघडता येईल असे दार असते. ते हसतखेळत आहेत असे दाखवले आहे. महिन्याभराने ते असेच असतील का, याची मला खात्री देववत नाही.

तुमच्या मैत्रिणींच्या वादात मला एक नाव कोणी घेतलेले दिसले नाही, म्हणून ते घेते. खरी नॅनेट कोल अपघातानंतर कोमात जाते. पहिल्या भागात तिचा कप चोरला गेला, तिच्या छायाचित्रांवरून तिला धमकावले गेले. दुसऱ्या भागात तिचे शरीरही दुसरीच्या हाती गेले. प्रत दुष्ट नाही, तिने हे मागून घेतले असेही नाही, आणि रिकामे राहिलेले घर कोणी सांभाळले तर त्यात वाईट काय, असेही म्हणता येईल. छायेच्या कथेत निघून गेलेल्या संज्ञेला शोधायला कोणीतरी रानापर्यंत गेले होते. इथे खऱ्या कोलचे काय झाले हे विचारायला कोणी थांबत नाही, आणि तिच्या आईवडिलांनी घरी बोलावले तर त्या घराचे दार कोण वाजवणार आहे, हेही कोणी सांगत नाही.